नवरा-बायको दोन देशांत: भेटीची आखणी परतीपासून करा

नवरा एका देशात नोकरीला आणि बायको दुसऱ्या देशात, किंवा याच्या उलट. अशा घरात भेटीचा बेत ठरला की आधी रजा टाकली जाते, मग तिकिटं बघितली जातात आणि व्हिसाचं ‘बघू नंतर’ म्हणून मागे पडतं. घोटाळे बहुधा या क्रमातूनच होतात. जाताना सगळं सुरळीत होतं आणि अडतं ते परत येताना, कारण नोकरीच्या देशात पुन्हा शिरायला कोणता कागद लागतो हे कुणी तपासलेलंच नसतं.

म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी परतीचा हक्क, मग दिवसांचा हिशेब, मग जोडीदाराचा व्हिसा आणि रजा, आणि तिकीट त्यानंतर. नियम बदलत राहतात, तेव्हा खालचे आकडे वापरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या. ओळखीच्या कुणाला तीन वर्षांपूर्वी काय चाललं, यावर बेत आखू नका.

पायरी १: प्रवास कोणी करायचा

पर्याय तीन. तुम्ही जोडीदाराकडे जायचं, जोडीदाराने तुमच्याकडे यायचं, किंवा दोघांनी तिसऱ्या देशात भेटायचं. ठरवण्याची साधी कसोटी अशी, की ज्याची कागदपत्रं त्या घडीला भक्कम आहेत त्याने प्रवास करावा. तुमच्या वर्क परमिटच्या मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असेल, तर तुम्ही जागचे हलू नका आणि जोडीदाराला बोलवा. जोडीदाराचा व्हिसा नुकताच नाकारला गेला असेल आणि तुमचा परवाना अजून दोन वर्षं चालणारा असेल, तर तुम्ही जा. दोन्हीकडे अडचण असेल तेव्हाच तिसरा देश. तिथे दोघांनाही व्हिसाशिवाय किंवा विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसावर शिरता आलं पाहिजे, आणि तिथून दोघांनाही आपापल्या देशात परत जाता आलं पाहिजे.

त्याआधी एक प्रश्न. वर्षभरातल्या भेटींची बेरीज तीन-चार महिन्यांच्या पुढे जाते आहे का? जात असेल तर दर वेळी व्हिजिट व्हिसा काढण्यापेक्षा अवलंबित जोडीदाराचा व्हिसा बघा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, जर्मनीत कुटुंब-एकत्रीकरणाचा परवाना असतो, युनायटेड किंगडममध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर जोडीदाराला डिपेंडंट म्हणून अर्ज करता येतो. असा व्हिसा घेतला की कायमचं तिकडे जावंच लागतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. एच-४ वर वर्षातून दोनदा येऊन जाणारे पुष्कळ आहेत. मात्र प्रत्येक नोकरीला ही सोय नसते. युनायटेड किंगडममध्ये ११ मार्च २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्या केअर वर्करना जोडीदार आणता येत नाही.

पायरी २: परत शिरण्याचा हक्क कोणत्या कागदात आहे

देशात राहण्याची परवानगी आणि देशात शिरण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात. अमेरिकेचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. पासपोर्टवरचा व्हिसा स्टिकर दार ठोठावण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ही नोंद ठरवते. आत असताना स्टिकरची मुदत संपली तरी आय-९४ चालू असेपर्यंत काही बिघडत नाही. पण बाहेर पडलात की परत यायला नवा स्टिकर हवा. कॅनडातही वर्क परमिट हा प्रवेशाचा कागद नाही; परतताना त्यासोबत वैध व्हिजिटर व्हिसा किंवा ईटीए (व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठीची ऑनलाइन प्रवेश-परवानगी) लागतो. वर्क परमिट २०२७ पर्यंत आहे म्हणून निवांत असणारा माणूस मुदत संपलेल्या व्हिसावर विमानतळावर अडकतो तो इथेच.

अमेरिकेच्या बाबतीत नवं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा स्टिकर घेणं, आणि भेट एकाच रजेत बसवणं आता अधिक जोखमीचं झालं आहे. सप्टेंबर २०२५ पासून बिगर-स्थलांतरित व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असं तिथल्या परराष्ट्र खात्याचं धोरण आहे. म्हणजे तिसऱ्या देशात जोडीदाराला भेटू आणि तिथेच स्टॅम्पिंग उरकू, हा जुना बेत बाद. शिवाय मुलाखतीनंतर अर्ज २२१(जी) खाली अधिक तपासणीसाठी अडकला, तर पासपोर्ट आठवडेच्या आठवडे निघत नाही. रजा तीन आठवड्यांची आणि पासपोर्ट दूतावासात, अशी अवस्था टाळायची असेल तर स्टॅम्पिंगची फेरी शक्यतो वेगळी ठेवा, नाहीतर लांबलेल्या मुक्कामाची कल्पना वरिष्ठांना आधीच देऊन ठेवा. एक छोटी पळवाट नियमातच आहे. फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन येत असाल आणि आय-९४ चालू असेल, तर काही देशांचे नागरिक सोडून इतरांना मुदत संपलेल्या स्टिकरवरही परत येता येतं. पण त्या फेरीत नव्या व्हिसाचा अर्ज केला की ही सवलत गेली.

आता प्रलंबित अर्ज. यातच सर्वांत जास्त नुकसान होतं आणि ते भरून निघत नाही.

– अमेरिकेत एका व्हिसा-प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचा, म्हणजे चेंज ऑफ स्टेटसचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात.
– अमेरिकेतच ग्रीन कार्डचा शेवटचा टप्पा चालू असेल, तर बाहेर जाण्याआधी ॲडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, लागतो. वैध एच किंवा एल व्हिसावर असणाऱ्यांना यात सूट आहे.
– युनायटेड किंगडममध्ये आत राहून मुदतवाढीचा अर्ज केला आणि निर्णयाआधी कॉमन ट्रॅव्हल एरियाच्या (युनायटेड किंगडम, आयर्लंड, चॅनेल बेटं आणि आइल ऑफ मॅन) बाहेर पाऊल टाकलं, तर अर्ज आपोआप मागे घेतला गेल्याचं मानतात.
– जर्मनीत परवान्याचं नूतनीकरण चालू असताना जो फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो, त्यावर कोणत्या कलमाला खूण आहे ते वाचा. कलम ८१ परिच्छेद ४ असेल तर त्यावर परत शिरता येतं. परिच्छेद ३ असेल तर येत नाही.

याशिवाय फार दिवस बाहेर राहिल्याने परवाना आपोआप संपण्याचा धोका असतो. जर्मनीचा सर्वसाधारण परवाना सलग सहा महिने बाहेर राहिलं की बाद होतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांचा परवाना, असणाऱ्यांना १२ महिने मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत मर्यादा १८० दिवसांची आहे, गोल्डन व्हिसा (दीर्घ मुदतीचा परवाना) वगळून. जपानमधून निघताना विमानतळावर एक कार्ड भरायचं असतं. त्यावर ‘विशेष पुनर्प्रवेश’ या चौकटीत खूण केली तर एक वर्षाच्या आत परत येता येतं. ती खूण राहिली आणि दुसरा पुनर्प्रवेश परवानाही नसला, तर राहण्याचा हक्कच संपतो. एका चौकटीवर सगळं अवलंबून, आणि भरायची ती घाईच्या वेळी. सौदी अरेबियात बाहेर पडायलाच एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो आणि त्याच्या मुदतीतच परतावं लागतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ही मुदत तिकिटाच्या तारखेशी पुन्हा ताडून बघा.

युनायटेड किंगडममध्ये राहण्याच्या परवान्याच्या प्लास्टिकच्या बीआरपी कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि सगळं ई-व्हिसावर गेलं. मध्यंतरी पासपोर्ट नवा केला असेल तर तो ऑनलाइन खात्याला जोडला आहे ना, ते निघण्यापूर्वी बघा. जोडला नसेल तर विमान कंपनीच्या संगणकावर तुमचा परवाना दिसत नाही आणि काउंटरवरचा कर्मचारी बोर्डिंग पास देत नाही.

पायरी ३: दिवस मोजा, आणि दोन्ही बाजूंनी मोजा

भेटीला जाणाऱ्याचे दिवस एका नियमाने मोजतात, नोकरीच्या देशातून बाहेर राहिलेले दिवस दुसऱ्या नियमाने, आणि करखातं तिसऱ्याच नियमाने मोजतं. तिन्ही हिशेब वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

शेंगेन म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट. तिथे भेटीला येणाऱ्यांसाठीचा ९०/१८० हा नियम भल्याभल्यांना चकवतो. ‘सहा महिन्यांत ९० दिवस’ असं ऐकून लोक जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असे दोन खण पाडतात. असे खण नसतात. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस पाहायचे, तो दिवस धरून, आणि त्यांत मुक्कामाचे दिवस ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरतात.

उदाहरण करून पाहू. लीप वर्ष नाही असं धरा. बायको १० जानेवारीला आली आणि २३ फेब्रुवारीला गेली. ४५ दिवस झाले. ती १ मे रोजी पुन्हा आली, तर मागच्या १८० दिवसांत ते ४५ पूर्णपणे येतात, म्हणून उरले ४५. म्हणजे १४ जूनला निघायलाच हवं. पुढचा प्रवेश कधी? १० जानेवारी हा दिवस मागच्या १८० दिवसांच्या बाहेर पडतो ९ जुलैला. त्याआधी एकही दिवस शिल्लक नाही. ९ जुलैपासून रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा वापरता येतो, त्यामुळे ती २२ ऑगस्टपर्यंत सलग राहू शकते. २३ ऑगस्टचा दिवस जास्तीचा. हा हिशेब बोटांवर करू नका. युरोपीय आयोगाने यासाठी ऑनलाइन गणकयंत्र ठेवलं आहे, त्यात तारखा घाला.

याच्या जोडीला स्टिकरवरच्या तीन मर्यादा वेगवेगळ्या वाचायच्या: वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या. १ मार्च ते ३१ ऑगस्ट अशी वैधता आणि मुक्काम २० दिवस असं असेल, तर राहायचे २० दिवसच. तारखा मोठ्या दिसतात म्हणून लोक तिथेच फसतात. पूर्वी शिक्का पुसट उमटला की मोजणीत ढिलाई चालून जायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमांवर ईईएस ही संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यात येणं-जाणं बोटांच्या ठशांसह नोंदलं जातं आणि जास्तीचा दिवस आपोआप दिसतो.

तुमच्याकडे एखाद्या शेंगेन देशाचा राहण्याचा परवाना असेल, तर त्या देशातले दिवस या ९० मध्ये धरत नाहीत. पण शेजारच्या शेंगेन देशात राहणाऱ्या जोडीदाराकडे जाता, तेव्हा तिथले दिवस ९०/१८० ने मोजले जातात. दर शनिवार-रविवार रेल्वेने जाणाऱ्यांनाही हे लागू आहे, मग सीमेवर कुणी विचारो वा न विचारो.

आता बाहेर राहिलेले दिवस. युनायटेड किंगडममध्ये पुढे कायम वास्तव्य हवं असेल, तर कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस बाहेर राहून चालत नाही. इथे पूर्ण दिवसच धरतात, निघण्याचा आणि परतण्याचा धरत नाहीत. कॅनडाच्या कायम रहिवाशाला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात, मात्र कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवसही त्यात धरले जातात. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा लांब मुक्काम टाळा, कारण पुढे नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तिथे तुटलं असं गृहीत धरतात आणि ते खोडून काढण्याचा भार तुमच्यावर येतो.

कराच्या बाबतीत १८३ दिवसांचा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. अमेरिकेची मोजणी मात्र तीन वर्षांची बेरीज करते: चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश. भेटीला दर वर्षी १२१ दिवस राहिलात तर बेरीज साधारण १८१.५ होते आणि तुम्ही रेषेच्या अलीकडे राहता. १२२ केलेत तर नेमके १८३ भरतात आणि तुम्ही कराच्या दृष्टीने रहिवासी ठरता. काही सवलती आहेत, पण त्या अर्ज भरून मागाव्या लागतात.

पायरी ४: जोडीदाराचा व्हिजिट व्हिसा

अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात एकच शंका असते. नवरा इथे कमावतोय, मग बायको परत कशाला जाईल? अमेरिकेत तर कलम २१४(बी) नुसार अर्जदार तिथेच राहायला येतो आहे असं गृहीत धरूनच मुलाखत सुरू होते. म्हणून सगळी कागदपत्रं या एका शंकेचं उत्तर म्हणून लावायची. तुमचा पगार मोठा आहे हे दाखवल्याने खर्चाचा प्रश्न सुटतो. परत जाण्याचा सुटत नाही. ते उत्तर जोडीदाराच्या बाजूने यावं लागतं: नोकरी आणि मंजूर रजेचं पत्र ज्यात कामावर रुजू होण्याची तारीख आहे, शिक्षण चालू असेल तर पुढच्या सत्राची नोंद, स्वतःचा व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी आणि करविवरणं, घरी अवलंबून असलेली मुलं किंवा आईवडील, आणि पूर्वीच्या प्रवासांतून वेळेत परतल्याच्या नोंदी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत वजनदार. म्हणून पहिली भेट लहान ठेवा. दोन-तीन आठवडे. ती वेळेत संपली की दुसऱ्या अर्जाला हातात पुरावा असतो.

जोडीदार त्या देशात आहे हे लपवायचा मोह होतो. काही दलालही ‘मैत्रिणीला भेटायला’ असं लिहा म्हणून सुचवतात. हे कदापि करू नका. लग्नाची नोंद, तुमच्या स्वतःच्या व्हिसा अर्जात लिहिलेलं जोडीदाराचं नाव, जुने अर्ज हे सगळं समोर येतं. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडा पाच वर्षं, युनायटेड किंगडम दहा वर्षांपर्यंत आणि अमेरिका कायमची बंदी घालू शकते. साध्या नकारावर पुढच्या अर्जात मात करता येते, पण ही खूण पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

तुमच्याकडून जायची कागदपत्रं: निमंत्रणपत्र, परवान्याची प्रत, नोकरीचं पत्र, शेवटच्या तीन ते सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँक विवरण, घरभाड्याचा करार. निमंत्रणपत्र एक पान पुरे. त्यात नातं, भेटीच्या तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार आणि परतीची तारीख एवढंच. प्रेमाची ग्वाही देऊ नका, अधिकाऱ्याला तिचा उपयोग नाही. जर्मनीत खर्च तुम्ही उचलणार असाल तर साध्या पत्राऐवजी फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग हे खर्चाच्या जबाबदारीचं औपचारिक हमीपत्र परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून करून घ्यावं लागतं आणि त्याची मूळ प्रत जोडीदाराकडे पाठवावी लागते. ती पोचायला लागणारा वेळ धरा. बँक खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम आली, तर ती उसनी आणलेली आहे असाच अर्थ काढला जातो. रक्कम खरोखर तुम्हीच पाठवली असेल तर पाठवल्याची पावती जोडा आणि पत्रात एक ओळ लिहा.

लग्नाचं प्रमाणपत्र हा या संचातला कणा. त्यावरची नावं दोघांच्या पासपोर्टवरच्या नावांशी अक्षरशः जुळतात का? लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट जुन्याच नावाचा आहे, किंवा आडनाव एका कागदावर पुढे आणि दुसऱ्यावर मागे आहे, अशा वेळी नावबदलाचा पुरावा किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत द्या. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारातले असतील तर प्रमाणपत्राला अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, बहुधा पुरतं. नसतील तर दूतावासाकडून साक्षांकन करावं लागतं, आणि त्याला जास्त वेळ लागतो. भाषांतर मागितलं असेल तर आधी अपॉस्टिल, मग भाषांतर, म्हणजे अपॉस्टिलचा शिक्काही भाषांतरात येतो. उलटं केलं तर भाषांतर पुन्हा करावं लागू शकतं.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस, पण ती ४५ पर्यंत लांबू शकते. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. इतर बऱ्याच देशांत सहा महिने वैधतेची अट असते, म्हणून सहाच धरून चाला.

एक हक्क अनेकांना माहीत नसतो. तुम्ही युरोपीय संघातल्या एका देशाचे नागरिक असाल आणि नोकरी दुसऱ्या सदस्य देशात करत असाल, तर २००४/३८ या निर्देशानुसार तुमच्या बिगर-युरोपीय जोडीदाराला व्हिसा विनाशुल्क आणि जलद मार्गाने मिळायला हवा. नातं आणि ओळख यांचे पुरावे पुरतात, बँक खात्याची उलाढाल मागता येत नाही. अर्जाच्या काउंटरवर अनेकदा नेहमीचीच यादी पुढे केली जाते. तेव्हा निर्देशाचा क्रमांक सांगा.

नकार आला तर पत्रातलं कारण नीट वाचा. तीच कागदपत्रं घेऊन दुसऱ्या आठवड्यात पुन्हा अर्ज करण्यात पैसे जातात, बाकी काही नाही. काय बदललं हे दाखवता आलं तरच पुन्हा अर्ज करा, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात, कोणत्याही देशाच्या, जुना नकार नमूद करा.

पायरी ५: रजा आणि सोबतचा लॅपटॉप

‘तिकडून काम करीन, रजाच लागणार नाही’ हे ऐकायला सोपं आहे. व्हिजिट व्हिसावर काम करायला बहुतेक देशांत मनाई असते, आणि परदेशातल्या कंपनीचं ऑनलाइन काम त्यात मोडतं का यावर प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं असतं. युनायटेड किंगडमने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना असं काम करायची मुभा दिली, पण भेटीचा मुख्य हेतू ते काम नसावं या अटीवर. जिथे नियम स्पष्ट नाही तिथे रजाच घ्या.

कंपनीच्या बाजूनेही अडचणी आहेत. कर, सामाजिक विमा, आणि कंपनीचा डेटा देशाबाहेर उघडण्याचे निर्बंध. म्हणून परवानगी लेखी घ्या, तीही नुसत्या टीम लीडरकडून नको, मनुष्यबळ विभागाकडून घ्या. युरोपीय संघातून संघातल्याच दुसऱ्या देशात काही दिवस काम करणार असाल तर ए१ प्रमाणपत्र (सामाजिक विमा कोणत्या देशात भरला जातो याचा दाखला) मागा.

बिनपगारी रजा घेताना परवान्याच्या अटी बघा. युनायटेड किंगडममध्ये प्रायोजित कर्मचारी एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजर राहिला, तर बाळंतपण, आजारपण अशी ठरावीक कारणं सोडून कंपनीला प्रायोजकत्व थांबवावं लागतं. वरिष्ठाने ‘घे हो, काही हरकत नाही’ म्हटलं तरी हा नियम त्याच्या हातात नसतो.

पायरी ६: उलटी मोजणी आणि तिकीट

सहा महिने आधी: दोघांच्या पासपोर्टच्या मुदती, प्रलंबित अर्ज, लग्नाच्या प्रमाणपत्राचं अपॉस्टिल. चार महिने आधी: रजा, निमंत्रणाची कागदपत्रं, अर्जाची वेळ आरक्षित करणं, उन्हाळी आणि वर्षअखेरीच्या सुट्ट्यांत या वेळाच मिळत नाहीत. तीन महिने आधी अर्ज. व्हिसा हातात आल्यावर तिकीट. त्याआधी अर्जासाठी आरक्षण दाखवायचं असेल तर फुकट रद्द होणारं घ्या.

तिकीट एकाच पीएनआरवर घ्या. दोन स्वस्त तिकिटं जोडली की मधल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा जमा करावी लागते, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि तिथे व्हिसा लागतो. अमेरिकेत तर एकच तिकीट असलं तरी मधल्या थांब्यावर इमिग्रेशन चुकत नाही, त्यामुळे तिथून नुसतं पुढे जायलाही व्हिसा किंवा पात्र असल्यास एस्टा (ऑनलाइन प्रवास-परवानगी) हवा. काही शेंगेन देश आणि युनायटेड किंगडम ठरावीक पासपोर्टधारकांकडून विमानतळाच्या आतल्या बदलासाठीही ट्रान्झिट व्हिसा मागतात. चुकीच्या कागदांवर प्रवासी आणल्यास दंड विमान कंपनीला होतो, म्हणून काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक या प्रणालीत जे दिसेल त्यावर ठाम राहतो. तुम्हीही आधी तेच तपासून घ्या.

परतीचं तिकीट व्हिसाच्या शेवटच्या दिवसाचं काढू नका. विमान रद्द झालं, वादळ आलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मुदतबाह्य. निदान चार दिवस राखून ठेवा. गरोदरपणात प्रवास असेल तर विमान कंपनीचा नियम आधी वाचा. साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र लागतं आणि ३६ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. मूल एकाच पालकासोबत जात असेल, तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

पायरी ७: इमिग्रेशनच्या खिडकीवर

व्हिसा असला म्हणजे प्रवेश पक्का, असं नसतं. शेवटचा निर्णय खिडकीमागच्या माणसाचा. प्रश्न तेच असतात: कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. उत्तरं अर्जात लिहिलेलीच द्या आणि विचारलं तेवढंच. ‘नवऱ्याला भेटायला, तीन आठवडे, हा पत्ता, अमुक तारखेचं परतीचं तिकीट’ एवढं पुरतं. निमंत्रणपत्र, परवान्याची प्रत आणि विम्याचा कागद छापील ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

बॅगेत काय आहे याचाही विचार होतो. भेटीला आलेल्या माणसाच्या सामानात नोकरीच्या अर्जांच्या प्रती, मूळ पदव्या, घरातली सगळी भांडी निघाली की प्रश्न लांबतात. वारंवार येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारली जाते: तुम्ही इथे भेटीला येता की इथेच राहता? युनायटेड किंगडमच्या नियमांत, लागोपाठच्या भेटींनी तिथेच घर केल्यासारखं राहू नये असं स्पष्टच लिहिलं आहे. दोन भेटींमधलं बाहेरचं अंतर आधीच्या मुक्कामापेक्षा मोठं ठेवलं, तर उत्तर देणं सोपं जातं. हा लिखित नियम नाही, पण कामाला येतो.

अमेरिकेत उतरल्यावर दोन-तीन दिवसांत आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख तपासा. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर तिथली तारीख व्हिसाच्या आधीची पडू शकते, आणि चूक असेल तर ती लगेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

पायरी ८: मुक्कामात अडचण आली तर

आजारपण, अपघात, रद्द झालेली उड्डाणं, यांमुळे वेळेत निघता येणार नसेल तर मुदत संपायच्या आत अर्ज करायचा. शेंगेनमध्ये अपरिहार्य कारणासाठी मुदतवाढ स्थानिक कार्यालयातून विनाशुल्क मिळते. डॉक्टरांचं पत्र किंवा विमान कंपनीचा कागद जोडावा लागतो. अमेरिकेत आय-५३९ हा अर्ज मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी करावा असं सांगितलेलं आहे. तिथे १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं परत येता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर ८५०३ ही अट लागली असेल, तर तिथे असताना दुसरा व्हिसा बहुतेक मागताच येत नाही. ती आपल्या व्हिसावर आहे का, हे मंजुरीच्या पत्रातच वाचून ठेवा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग आपल्या दूतावासात. पण आणीबाणीचा प्रवास-दाखला बहुधा मायदेशी परतण्यापुरताच असतो. त्यावर नोकरीच्या देशात शिरता येईलच असं नाही, आणि हरवलेल्या पासपोर्टातला व्हिसाही नव्याने मिळवावा लागतो. दोघांच्याही पासपोर्टची, व्हिसाची आणि परवान्याची स्कॅन प्रत एकमेकांकडे ठेवा.

आणि एक वही, किंवा मोबाइलवरची एक्सेल शीट. प्रत्येक फेरीचे चार रकाने: निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, देश, प्रवेशाचा पुरावा. बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. ई-गेटमधून गेलात तर शिक्का मिळत नाही, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याच्या अर्जात ‘२०२६ च्या मार्चमध्ये किती दिवस बाहेर होता’ असं विचारतात, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.